टर्मिनल न उघडता क्लायंटचा डेडिकेटेड सर्व्हर सांभाळायचा तर

मी इंदूरला वेबसाइटी बनवते. काम मुख्यतः डिझाइनचं; फार तर वर्डप्रेसची थीम आणि थोडंफार पीएचपी. तीन वर्षांपूर्वी भंवरकुआ भागातल्या एका कोचिंग क्लासच्या सरांचा फोन आला. "ताई, आपला सर्व्हर बघणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला. आता तुम्हीच बघा." क्लासची ऑनलाइन टेस्ट सिरीज होती. रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला शेकडो मुलं एकदम लॉगिन करायची, म्हणून शेअर्ड होस्टिंग सोडून त्यांनी अख्खं मशीनच भाड्यानं घेतलं होतं. काळ्या स्क्रीनवर, म्हणजे टर्मिनलमध्ये, कमांड टाइप करणं मला येत नव्हतं आणि आजही फारसं येत नाही. तरी तो सर्व्हर तेव्हापासून माझ्याकडेच आहे.

रोजची बहुतेक कामं ब्राउझरमधल्या पॅनेलमधून होतात. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी: सर्व्हर कोणाच्या नावावर आहे, बॅकअप खरंच परत येतो का, आणि अडचणीत आपण घाबरून कुठलं बटण दाबतो. मला जे ठेचा खाऊन कळलं ते इथे क्रमाने लिहिते. माझ्या मशीनवर सीपॅनेल (एकेका साइटच्या खात्याचं पॅनेल) आहे आणि त्याच्यावर मालकाचं डब्ल्यूएचएम (अख्ख्या सर्व्हरचं पॅनेल); उदाहरणं तिथली आहेत. प्लेस्क, डायरेक्टअॅडमिन किंवा फुकटच्या व्हर्चुअलमिन, हेस्टियामध्ये नावं बदलतात, कामं तीच असतात.

सुरू करण्याआधी हे जवळ असू द्या

- सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या बिलिंग खात्याचं लॉगिन (हे पॅनेलच्या लॉगिनपेक्षा वेगळं असतं)
- डब्ल्यूएचएमचा रूट पासवर्ड (रूट म्हणजे सगळे अधिकार असलेलं मुख्य खातं)
- डोमेन जिथून घेतलं तिथलं लॉगिन आणि डीएनएस (डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं त्याच्या नोंदी) जिथे ठेवलाय तिथलं लॉगिन. ही दोन ठिकाणं वेगळी असू शकतात.
- सर्व्हरचा आयपी पत्ता, ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव आणि आवृत्ती
- शेवटचं बिल आणि पुढच्या बिलाची तारीख
- पासवर्ड ठेवायला बिटवॉर्डनसारखं अॅप. वही नको, व्हॉट्सअॅप तर मुळीच नको.
- कमांड लाइन जाणणाऱ्या एका माणसाचा नंबर, ज्याच्याशी तासाचा दर आधीच ठरलेला आहे

शेवटचा मुद्दा सगळ्यांत आधी मार्गी लावा. रात्री अकराला माणूस शोधायला निघालात तर कोणीही भेटत नाही, आणि जो भेटतो त्याच्या हातात रूट पासवर्ड देताना पोटात गोळा येतो.

१. सर्व्हर कोणाच्या नावावर आहे ते बघा

बिलिंग खातं क्लायंटच्या ईमेलवर आणि क्लायंटच्या कार्डावर हवं. आमच्याकडे ते आधीच्या मुलाच्या वैयक्तिक ईमेलवर होतं. मुलगा भला, त्यानं दोन दिवसांत बदलून दिलं. पण त्याचा फोन लागला नसता तर सर्व्हर आमचा आहे हे सिद्ध करायला आमच्या हातात काही नव्हतं. डोमेनचंही तसंच. नाव क्लासचं, ईमेल क्लासचा, आणि ओटीपी येणारा मोबाइलही क्लासचा. तुमचा नंबर तिथे घालू नका, भले सरांनी आग्रह केला तरी.

बिलाचा एक सापळा खास आपल्याकडचा आहे. कार्डावरून आपोआप कटणाऱ्या रकमांना रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. परदेशी कंपन्यांची आपोआप होणारी वसुली त्यात बऱ्याचदा अडकते. आपण समजतो पैसे गेले असतील, तिकडे बिल थकतं आणि सर्व्हर बंद होतो. म्हणून बिलाच्या पाच दिवस आधीची आठवण स्वतःच्या आणि सरांच्या, दोघांच्या फोनमध्ये लावा आणि पैसे हाताने भरा.

२. जुन्या किल्ल्या परत घ्या

पासवर्ड बदलला की झालं, असं मला वाटायचं. तसं नसतं. एसएसएच की नावाची एक गोष्ट असते. ती ज्याच्या संगणकावर आहे तो पासवर्डशिवाय आत येऊ शकतो, आणि पासवर्ड बदलल्यानं ती रद्द होत नाही. डब्ल्यूएचएममध्ये 'सिक्युरिटी सेंटर'खाली रूटच्या एसएसएच कीज सांभाळण्याचं पान आहे. तिथे कोणाकोणाच्या किल्ल्या आहेत ते बघा आणि ओळखीच्या नसतील त्यांची परवानगी काढा. पुसण्याआधी जुन्या माणसाला एकदा विचारा, कारण एखादी किल्ली बॅकअपसाठी लावलेली असू शकते.

मग एपीआय टोकनचं पान (दुसऱ्या प्रोग्रामना आत यायला दिलेल्या किल्ल्या), रीसेलर खात्यांची यादी (इतर खाती सांभाळू शकणारी खाती), आणि वर्डप्रेसमधले अॅडमिन युजर. हे सगळं एका बैठकीत तपासा आणि शेवटी डब्ल्यूएचएमला टू-फॅक्टर (पासवर्डसोबत फोनवरचा कोड) लावा. त्याचे बॅकअप कोड छापून एक प्रत क्लासच्या कपाटात ठेवा.

३. मॅनेज्ड की अनमॅनेज्ड, हे लेखी विचारा

कंपनीला तिकीट टाकून (म्हणजे त्यांच्या मदत विभागाला लेखी लिहून) तीन प्रश्न विचारा. आमचा प्लॅन मॅनेज्ड आहे का, आणि असेल तर नेमकं काय काय तुम्ही करता? डिस्का रेड १ मध्ये (दोन डिस्कांवर तोच डेटा) आहेत का, आणि दोन्ही आत्ता धडधाकट आहेत का? अडचणीत रिमोट कन्सोल (मशीनचा स्क्रीन लांबून बघायची सोय) आणि रेस्क्यू मोड (दुरुस्तीसाठी मशीन वेगळ्या सिस्टिमवर सुरू करणं) मिळेल का?

अनमॅनेज्ड प्लॅनमध्ये कंपनी फक्त वीज, नेटवर्क आणि हार्डवेअर बघते. डिस्क बिघडली तर बदलून देईल, त्यावरचा डेटा आणून देणार नाही. तुम्हाला टर्मिनल येत नसेल तर सरांना सांगून मॅनेज्ड प्लॅनचे जास्तीचे पैसे भरायला लावा. हे माझं ठाम मत आहे. रेड १ चा प्रश्न दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारत जा: एक डिस्क गेली तरी साइट चालूच राहते, त्यामुळे कोणाला पत्ताही लागत नाही, आणि दुसरी गेली की सगळंच जातं.

पॅनेल मुळातच नसेल तर ते चालू सर्व्हरवर टाकायला जाऊ नका. सीपॅनेल कोऱ्या सिस्टिमवर घालायचं असतं, आणि एकदा घातलं की ते काढण्यासाठी मशीन पुन्हा फॉरमॅट करावं लागतं. २०१९ पासून त्याचे पैसे खात्यांच्या संख्येवर आहेत. तेव्हा कोणी कधी बनवून विसरलेली जुनी खाती असतील तर त्यांचा बॅकअप घेऊन ती बंद करा.

४. आपण काय करणार नाही, ते आधी लिहा

एक पान पुरे. माझ्या पानावर असं आहे: ऑपरेटिंग सिस्टिमची मोठी आवृत्ती मी बदलणार नाही. कर्नल (सिस्टिमचा गाभा), डिस्कचे भाग, डेटाबेसची मुख्य सेटिंग यांना हात लावणार नाही. इंटरनेटवरून किंवा एआयकडून मिळालेली कमांड समजून घेतल्याशिवाय चालवणार नाही. या कामांसाठी बाहेरचा माणूस येईल आणि त्याचे पैसे क्लास देईल. रात्री दहा ते सकाळी सात फक्त साइट बंद असेल तरच फोन.

डब्ल्यूएचएममध्ये ब्राउझरमधलं टर्मिनलही असतं. मोह होतो. एकदा कोणीतरी सांगितलं, "परमिशनचा एरर येतोय ना, मग सगळ्याला ७७७ करून टाका." ते कधीही करू नका, फाइल मॅनेजरमधूनही नाही. ७७७ म्हणजे त्या फाइलवर सर्व्हरमधल्या कोणालाही लिहायची मुभा. साधारणपणे फोल्डर ७५५ आणि फाइल ६४४ असतात, आणि तेवढ्यानं काम होत नसेल तर दोष दुसरीकडे आहे.

५. फायरवॉल: आधी स्वतःला आत यायचा दुसरा रस्ता ठेवा

फायरवॉल म्हणजे सर्व्हरची कोणती दारं (पोर्ट) बाहेरून उघडी ते ठरवणारा पहारा. साइटसाठी ८० आणि ४४३ हे पोर्ट जगाला उघडे लागतात. पॅनेलसाठी २०८३ आणि २०८७. डेटाबेसचा ३३०६ बाहेरून बंद हवा. २२ हा एसएसएचचा. आपण वापरत नसलो तरी तिकीट सोडवायला कंपनीच्या माणसांना तो लागू शकतो, म्हणून त्यांना विचारूनच मर्यादित करा.

नवशिक्या माणसाची हमखास चूक अशी की सुरक्षिततेसाठी पॅनेल फक्त आपल्या घरच्या आयपीला उघडं ठेवायचं. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बहुधा बदलता असतो. राउटर बंद-चालू झाला, आयपी बदलला की आपणच बाहेर. एक तर ब्रॉडबँडवाल्याकडून स्टॅटिक आयपी घ्या, नाही तर पॅनेल टू-फॅक्टरच्या भरवशावर उघडं राहू द्या.

पासवर्ड सारखा चुकला आणि सीपीहल्कनं (चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्याला अडवणारी डब्ल्यूएचएममधली सोय) आपल्यालाच अडवलं, तर घाबरू नका. फोनचं हॉटस्पॉट चालू करून त्यावरून लॉगिन करा; मोबाइलचा आयपी वेगळा असतो. आत गेल्यावर अडवलेल्यांच्या यादीतून स्वतःचा जुना आयपी काढा.

६. बॅकअप: हिरवी खूण बघून निर्धास्त होऊ नका

इथे मी थोडं जास्त थांबणार आहे.

सात महिने मला रोज पहाटे बॅकअप यशस्वी झाल्याचा मेल यायचा. एका दुपारी क्लासमधल्या कोणीतरी जुन्या बॅचचे निकाल पुसायला घेतले आणि चालू बॅचचेही पुसले गेले. मी सरांना सांगितलं, "काळजी नको, कालचा बॅकअप आहे." फाइल उतरवली, उघडली. वर्डप्रेसचा डेटाबेस होता. टेस्ट सिरीजचा नव्हताच. आदल्या दिवशीचा नाही, आदल्या आठवड्याचा नाही, कधीचाच नाही.

कारण नंतर कळलं. सीपॅनेल खात्याचा बॅकअप घेताना त्या खात्याच्या नावावर नोंदवलेले डेटाबेसच उचलतं. टेस्ट सिरीजचा डेटाबेस आधीच्या मुलानं थेट रूटमधून बनवला होता, त्यामुळे खात्याच्या हिशेबात तो अस्तित्वातच नव्हता. शिक्षकांनी काढलेल्या निकालांच्या छापील प्रती होत्या म्हणून निभावलं. सर, त्यांची मुलगी आणि मी, तिघांनी क्लासच्या मागच्या खोलीत बसून तीन दिवस गुण भरले.

तुम्ही हे करा:

डब्ल्यूएचएमच्या बॅकअप कॉन्फिगरेशनमध्ये रोजचा आणि आठवड्याचा बॅकअप लावा, आणि 'अॅडिशनल डेस्टिनेशन'मध्ये सर्व्हरबाहेरची जागा द्या: गूगल ड्राइव्ह, अॅमेझॉन एस-थ्री, किंवा दुसरीकडचा एसएफटीपी (फाइली पाठवून ठेवायचा सर्व्हर). त्याच मशीनवरचा बॅकअप मशीनबरोबरच जातो. दुसऱ्या डिस्कवर आहे म्हणाल तर ती डिस्कही त्याच पेटीत आहे.

मग पीएचपीमायअॅडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस बघायचं साधन) रूटनं जाऊन सगळ्या डेटाबेसची यादी काढा आणि प्रत्येकासमोर तो कोणत्या खात्याचा आहे ते लिहा. एखादा बेवारस निघाला तर 'डेटाबेस मॅप टूल'नं तो खात्याला जोडता येतो. जोडण्याआधी कंपनीला तिकिटातून विचारलेलं बरं.

आणि महिन्यातून एकदा बॅकअपची फाइल आपल्या संगणकावर उतरवून सेव्हन-झिपनं उघडा. आत 'मायएसक्यूएल' नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक डेटाबेसची एक फाइल. सगळ्यांची नावं आहेत का? मागच्या महिन्यापेक्षा आकार एकदम कमी तर नाही? मग त्यातली एक फाइल नव्या, रिकाम्या चाचणी डेटाबेसमध्ये इम्पोर्ट करून शेवटच्या टेस्टची तारीख दिसते का बघा. फाइल मोठी असेल तर पीएचपीमायअॅडमिन ती घेत नाही. तेव्हा कंपनीला करून द्यायला सांगा. मी हे महिन्याच्या पहिल्या शनिवारी करते. अर्धा-पाऊण तास जातो.

एक धोका आणखी. 'रिस्टोअर' बटण चालू खात्यावर दाबलंत तर आजचा डेटा जाऊन जुना येतो. परत आणण्याआधी, आत्ताची स्थिती कितीही बिघडलेली असो, तिचाही बॅकअप घ्या.

७. डिस्क भरते, आणि भरली की सगळंच एकदम बिघडतं

एका वर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्री मी राजवाड्यापाशी गिरण्यांच्या झांक्या बघत उभी होते. ढोलांच्या आवाजात फोन वाजलेला कळलाच नाही. बघितला तेव्हा सरांचे नऊ मिस्ड कॉल. साइटवर 'डेटाबेसशी जोडणी होत नाही' असा एरर, आलेले मेल पोचत नाहीत, पॅनेल लॉगिनलाच अडकतंय. मला वाटलं हॅक झालं. झालं होतं इतकंच, की डिस्क शंभर टक्के भरली होती. डेटाबेसला लिहायला जागा उरली नाही की तो थांबतो, आणि त्याच्यामागे बाकीचं कोसळतं. तिकीट टाकलं, कंपनीनं जुने बॅकअप काढून जागा केली, पहाटे दोनला साइट परत आली.

भरली कशामुळे? बॅकअप त्याच डिस्कवर तीस दिवसांचे ठेवायची सेटिंग होती, आणि त्याच आठवड्यात क्लासनं लेक्चरचे व्हिडिओ थेट सर्व्हरवर चढवले होते.

म्हणून दर सोमवारी डब्ल्यूएचएमचं 'सर्व्हिस स्टेटस' हे पान उघडा. लोड, मेमरी, प्रत्येक डिस्क किती टक्के भरली आणि कुठली सेवा बंद आहे, हे सगळं एकाच पानावर दिसतं. मी आकडे वहीत लिहिते, कारण एक आकडा काही सांगत नाही. ६१, ६२, ६४ असा चाललेला आकडा ७९ झाला तर त्या आठवड्यात काहीतरी घडलंय. ८० च्या वर गेलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते.

काय पुसायचं? फाइल मॅनेजरच्या ट्रॅशमधलं (तिथे पडलेल्या फाइलीही जागा खातात), साइटच्या फोल्डरमध्ये फुगलेली एरर लॉगची फाइल, उतरवून घेतलेले जुने बॅकअप, कोणीतरी चढवून विसरलेल्या झिप. इथेच थांबा. डेटाबेसच्या फोल्डरमध्ये मोठमोठ्या फाइली दिसतात, नावावरून लॉगसारख्या वाटतात. त्यांना हात लावू नका. व्हिडिओ सर्व्हरवर ठेवूच नका. आमचे आता यूट्यूबवर अनलिस्टेड आहेत.

८. मेल सर्व्हरवर ठेवू नका

सरांना समजवायला मला दोन महिने लागले. मेल सर्व्हर चालवायचा म्हणजे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क आणि आयपीचा उलटा डीएनएस (मेल खरंच आपल्याकडूनच गेला हे पटवणाऱ्या नोंदी), सगळं नीट हवं. शिवाय एका मुलाचा साधा पासवर्ड फुटला की आपल्या आयपीवरून स्पॅम सुटतं आणि मग पालकांना जाणारे मेलही स्पॅममध्ये पडतात. मेल गूगल वर्कस्पेस किंवा झोहोला न्या. मशीन फक्त साइटसाठी ठेवा.

नेल्यानंतर डीएनएसमधले एमएक्स (मेल कुठे पोचवायचा त्या नोंदी) बदलतात. पण सीपॅनेलमधलं 'ईमेल राउटिंग' 'रिमोट' करायचं विसरू नका. ते 'लोकल' राहिलं तर बाहेरून येणारे मेल नव्या जागी पोचतात, आणि साइटच्या फॉर्ममधून निघालेले मात्र सर्व्हर आपल्याच जुन्या मेलबॉक्समध्ये टाकत राहतो. आमच्या प्रवेशाच्या चौकश्या तीन आठवडे अशाच जुन्या डब्यात पडून होत्या.

९. अपडेट आणि एसएसएल

पॅनेलचे अपडेट आपोआप ठेवा. ऑपरेटिंग सिस्टिम सेंटओएस ७ असेल तर तिचा आधार ३० जून २०२४ ला संपला आहे. अल्मालिनक्ससारख्या सिस्टिमवर जायचं काम बाहेरच्या माणसाला द्या, शक्यतो नव्या मशीनवर. मशीन बदलण्याच्या एक-दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवली जाते तो वेळ) ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे बदल लवकर पोचतो. पीएचपीची आवृत्ती 'मल्टीपीएचपी मॅनेजर'मधून एकेका साइटची बदलता येते. टेस्ट नसलेल्या दिवशी बदला, बिघडलं तर लगेच मागे या.

एसएसएल (साइटच्या पत्त्यात https आणणारं सर्टिफिकेट) आपोआप नवं होतं. लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात आणि संपत आल्याचे मेल त्यांनी जून २०२५ मध्ये बंद केले, तेव्हा तारीख तुम्हीच बघा.

१०. लॉग आणि सहा तासांची मुदत

मुलांची नावं, फोन, गुण आपल्या हातात आहेत. सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारी संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवसांचे ठेवायचे असतात. सीपॅनेलमधल्या 'रॉ अॅक्सेस' पानावर लॉग साठवण्याची खूण करा आणि मागच्या महिन्याचे पुसण्याची खूण काढा. साठलेले लॉग दर महिन्याला बाहेर उतरवून ठेवा. संशय आला की आधी सरांना सांगा, त्यांच्या वकिलांना सांगा. लपवून दुरुस्त करायला बसू नका.

११. सर्व्हर बंद पडला तर, या क्रमाने

अपटाइम रोबोटसारखी बाहेरून पाहणारी सेवा आधीच लावा आणि तिची सूचना फोनवर घ्या. त्याच सर्व्हरवरच्या ईमेलवर घेतलीत तर सर्व्हर पडल्यावर सूचनाही येणार नाही.

साइट उघडत नाही असा फोन आला की पहिल्यांदा मोबाइल डेटावर बघा. तिथे उघडत असेल तर दोष क्लासच्या इंटरनेटचा. उघडत नसेल तर पॅनेल उघडतंय का ते बघा. पॅनेल चालू असेल तर 'सर्व्हिस स्टेटस' बघा, आणि जी सेवा लाल आहे तेवढीच रीस्टार्ट करा. पॅनेलही बंद असेल तर कंपनीचं स्टेटस पान बघा. बिघाड त्यांच्याकडचा असेल तर थांबण्यावाचून काही करायचं नाही.

यातलं काहीच नसेल तर बिलिंग खात्यातून एकदा रीबूट. एकदाच. डेडिकेटेड मशीन उठताना मेमरी आणि डिस्क तपासते, पाच-दहा मिनिटं सहज लागतात. सुरू होत नाही म्हणून मधेच पुन्हा पॉवर बंद केलीत तर डेटाबेस खराब होऊ शकतो. घड्याळ लावून पंधरा मिनिटं बसा. तरी उठलं नाही तर रिमोट कन्सोल उघडून स्क्रीनवर जे दिसेल त्याचा फोटो काढा, आणि तिकीट टाका.

तिकिटात सर्व्हरचा आयपी, कधीपासून बंद आहे, काय दिसतंय, आपण काय काय करून बघितलं, आणि तो फोटो. वेळ लिहिताना भारतीय वेळ असं स्पष्ट लिहा किंवा साडेपाच तास वजा करून यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) द्या, कारण त्यांचे लॉग बहुधा यूटीसीत असतात. "साइट चालत नाही, लवकर करा" एवढंच लिहिलंत तर पहिलं उत्तर प्रश्नांचंच येतं आणि अर्धा तास त्यात जातो.

तिकीट गेलं की सरांना फोन करा, नवीन काही नसलं तरी दर अर्ध्या तासानं करा, आणि रविवार असेल तर टेस्ट दुपारी दोनला ढकलल्याचा मेसेज पालकांच्या ग्रुपवर लगेच टाकायला सांगा.